गुलाबाच्या जनुकीय वैविध्याचे संवर्धन

गुलाबाच्या जनुकीय वैविध्याचे संवर्धन म्हणजे गुलाबाच्या रानटी जाती, लागवडीखालील जुने वाण आणि त्यांच्या ठायी असलेले आनुवंशिक गुण नष्ट होऊ नयेत यासाठी ते वनस्पतिउद्याने, गुलाबबागा, बीजपेढ्या, प्रयोगशाळा व हौशी संग्राहकांच्या बागा यांत जिवंत राखण्याचे कार्य होय. गुलाबाच्या नावाने नोंदल्या गेलेल्या वाणांची संख्या ३०,००० हून अधिक भरते. त्यामुळे या झाडाला वैविध्याची उणीव भासेल असे वरवर पाहता वाटत नाही. प्रत्यक्षात आजच्या बागांतील बहुतेक गुलाब अवघ्या ८ ते १० रानटी जातींच्या संकरातून उत्पन्न झालेले असून त्यांपैकी बरेचसे परस्परांचे निकटचे आप्त आहेत. उरलेल्या शंभराहून अधिक जातींचे गुण संकरात फारसे आलेलेच नाहीत. एकोणिसाव्या शतकात विकले जाणारे असंख्य वाण तर आता रोपवाटिकांच्या जुन्या सूचिपत्रांत केवळ नावापुरते उरले आहेत.

वैविध्याचे स्वरूप

गुलाब ही रोझेसी कुलातील रोझा या प्रजातीची झाडे होत. सफरचंद, बदाम व स्ट्रॉबेरी ही याच कुलातील होत. रोझा प्रजातीतील जातींची संख्या अभ्यासकांच्या मतानुसार १०० ते २०० यांच्या दरम्यान असून १५० हा आकडा सर्वसाधारणपणे दिला जातो. निसर्गतः गुलाब केवळ उत्तर गोलार्धात आढळतो. उत्तर ध्रुवाजवळच्या थंड प्रदेशापासून इथिओपियाच्या डोंगरांपर्यंत त्याचा विस्तार आहे. दक्षिण गोलार्धात दिसणारे सर्व गुलाब माणसाने नेलेले आहेत. जातींचे सर्वांत मोठे भांडार चीनमध्ये आहे.

गुलाबातील मूळ गुणसूत्रसंख्या ७ आहे. चायनेन्सिस, जायगँटिया, मल्टिफ्लोरा, मोस्काटा, विचुराना या जाती द्विगुणित, म्हणजे १४ गुणसूत्रांच्या आहेत. युरोपातील रोझा गॅलिका चतुर्गुणित असून तिच्या पेशीत २८ गुणसूत्रे असतात. चीनच्या युन्नान प्रांतातील रोझा प्रेल्युसेन्स ही जाती दशगुणित असून तिची गुणसूत्रे ७० आहेत. गुणसूत्रांच्या संख्येतील हा फरक संकर करणाऱ्यास अडचणीचा ठरतो. द्विगुणित आणि चतुर्गुणित झाडांचा संकर केल्यास बहुधा त्रिगुणित व जवळजवळ वांझ झाड मिळते. रानटी जातींतील उपयुक्त गुण आधुनिक चतुर्गुणित गुलाबात आणण्यास अनेक पिढ्या लागतात, त्याचे हे एक प्रमुख कारण आहे. तेवढा काळ ती रानटी जाती संग्रहात जिवंत असावी लागते.

श्वानगुलाब म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रोझा कॅनिना व तिच्या गटातील जातींची रीत अगदीच निराळी आहे. त्या बहुतांशी पंचगुणित असून त्यांच्या पेशीत ३५ गुणसूत्रे असतात. अर्धसूत्री विभाजनाच्या वेळी त्यांपैकी १४ गुणसूत्रांच्याच जोड्या जमतात व २१ एकटी राहतात. परागकणात केवळ ७ गुणसूत्रे जातात, तर बीजांडात २८. दोहोंच्या मीलनातून पुन्हा ३५ ही संख्या पूर्ण होते. अशा झाडाच्या संततीत आईचा वाटा बापाच्या चौपट असतो. हा विलक्षण प्रकार १९२० च्या दशकाच्या प्रारंभी प्रकाशात आला. संवर्धनाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की, या गटातील बियांचा साठा करताना मातृवृक्ष कोणता, याची नोंद इतर कोणत्याही गुलाबापेक्षा अधिक काटेकोरपणे ठेवावी लागते.

वैविध्याचा संकोच

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपातील गुलाब गॅलिका, दमास्क, आल्बा व सेंटिफोलिया या गटांचे होते. दमास्क गुलाबांतील शरद ऋतूत पुन्हा फुलणारा एक प्रकार सोडल्यास ते वर्षातून एकदाच, उन्हाळ्याच्या आरंभी फुलत. १७९२ ते १८२४ या काळात चीनमधील बागांतून चार गुलाब इंग्लंडला पोहोचले. 'स्लेटर्स क्रिमझन चायना', 'पार्सन्स पिंक चायना', 'ह्यूम्स ब्लश' आणि 'पार्क्स यलो' या नावांनी ते ओळखले जातात. या गुलाबांनी वारंवार फुलण्याचा गुण युरोपात आणला. केएसएन या नावाच्या जनुकात एक उडता जनुकखंड शिरल्याने फुलण्यावरचा निर्बंध उठतो व झाड सतत कळ्या धरते, असे २०१२ मध्ये सिद्ध झाले. शतकानुशतके चिनी माळ्यांनी जपलेले हे एकच उत्परिवर्तन जगातील बहुतेक बारमाही गुलाबांत पोहोचले आहे.

बारमाही फुलणाऱ्या गुलाबांपुढे जुने गुलाब मागे पडले. फ्रान्समधील आंजे येथील संशोधकांनी एकोणिसाव्या शतकातील सुमारे १,२०० वाणांची जनुकीय तपासणी करून २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. शतकाच्या प्रारंभी युरोपीय असलेली गुलाबांची आनुवंशिक बैठक शतकाच्या अखेरीस बहुतांशी आशियाई झाली, असे त्यांत दिसून आले. ही तपासणी करणे शक्य झाले ते केवळ ते वाण कोणत्यातरी बागेत अजून जिवंत होते म्हणून.

१८६७ मध्ये ग्वियो यांनी 'ला फ्रान्स' हा वाण प्रसृत केला. संकरित चहागुलाबांच्या युगाचा आरंभ या वाणापासून मानण्याची प्रथा आहे. १९०० मध्ये पेर्ने-ड्यूशे यांनी रोझा फिटिडाच्या 'पर्शियन यलो' या प्रकारापासून 'सोलेय दोर' निर्माण केला आणि आधुनिक गुलाबात गडद पिवळा रंग आला. त्याच वाटेने काळ्या ठिपक्यांच्या रोगास बळी पडण्याची प्रवृत्तीही आधुनिक वाणांत पसरली, असे मानले जाते. विसाव्या शतकात एकेका यशस्वी वाणाचा जनक म्हणून अतोनात वापर झाला. फ्रान्सिस मेयाँ यांचा 'पीस' हे त्याचे ठळक उदाहरण होय.

'पीस'ची कथा संवर्धनाच्या दृष्टीनेही मननीय आहे. दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास, १९३९ मध्ये, मेयाँ यांनी या नव्या रोपाच्या डोळकाड्या जर्मनी, इटली आणि अमेरिका येथे धाडल्या. युद्धामुळे त्यांचा परस्परांशी संपर्क तुटला. तरीही हा वाण जर्मनीत 'ग्लोरिया डाय', इटलीत 'जोया' आणि अमेरिकेत 'पीस' या नावांनी वाढत राहिला. एकाच वाणाची रोपे दूरदूरच्या अनेक ठिकाणी असावीत, हे आजच्या संग्रहशास्त्राचे पहिले सूत्र तेथे योगायोगानेच पाळले गेले.

जिवंत संग्रहाची आवश्यकता

गहू किंवा भात यांचे वाण बियांच्या रूपाने दीर्घकाळ साठवता येतात. गुलाबाच्या वाणाबाबत तसे करता येत नाही. प्रत्येक वाण हा मुळात एकाच संकरित रोपाचा विस्तार असतो. त्याची बी पेरली असता उगवणारे रोप आईसारखे नसते. 'ला फ्रान्स' टिकवायचा तर 'ला फ्रान्स'चीच काडी लावली पाहिजे किंवा तिचा डोळा दुसऱ्या खुंटावर भरला पाहिजे. शेवटचे झाड वाळले की वाण संपला. नंतर तो कोणत्याही उपायाने परत आणता येत नाही, कारण त्याचे जनक उपलब्ध असले तरी तोच संकर पुन्हा हुबेहूब जुळून येणे अशक्यप्राय आहे.

'पार्सन्स पिंक चायना' आज 'ओल्ड ब्लश' या नावाने अधिक परिचित आहे. २०१८ मध्ये गुलाबाचा संपूर्ण जनुकसंच उलगडण्यासाठी याच वाणाची निवड झाली. दोनशेहून अधिक वर्षे काडीमागून काडी लावत माळ्यांनी तो चालू ठेवला नसता, तर हे संशोधन निराळ्या झाडावर करावे लागले असते. सुगंधाच्या बाबतीतही तेच घडले. गुलाबाचा वास निर्माण करण्यात कोणते विकर भाग घेते, हे २०१५ मध्ये फ्रेंच संशोधकांनी दाखवून दिले. त्यासाठी त्यांनी 'पापा मेयाँ' या अतिसुगंधी वाणाची तुलना वास नसलेल्या 'रूज मेयाँ'शी केली. विक्रीच्या बाजारातून उतरलेल्या वाणांचा उपयोग पुढे कोणत्या कामी होईल, हे आधी सांगता येत नाही.

प्रमुख संग्रह

गुलाबांच्या संग्रहांचा इतिहास त्यांच्या नाशाच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. नेपोलियनची पत्नी जोसेफिन हिने पॅरिसजवळच्या मालमेझाँ येथे त्या काळी उपलब्ध असलेले शेकडो वाण जमवले. १८१४ मध्ये तिच्या मृत्यूनंतर तो संग्रह विस्कळीत झाला. चित्रकार रेदूते याने १८१७ ते १८२४ या काळात प्रसिद्ध केलेली गुलाबांची चित्रे आज जगभर पाहिली जातात, परंतु त्या चित्रांतील कित्येक वाणांची झाडे मात्र कोठेही उरलेली नाहीत.

ऑस्ट्रिया-हंगेरीतील वनाधिकारी रूडोल्फ गेश्विंड (१८२९–१९१०) यांनी कडाक्याच्या थंडीत टिकणारे गुलाब तयार केले. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांचा संग्रह मारी हेन्रिएटा खोटेक या सरदारकन्येने विकत घेतला व आजच्या स्लोव्हाकियातील डोल्ना क्रुपा येथे मोठी गुलाबबाग उभारली. दोन महायुद्धांच्या काळात ती बाग उद्ध्वस्त झाली. गेश्विंड यांचे वाण तरीही पूर्णपणे नष्ट झाले नाहीत, कारण त्यांपैकी अनेकांची रोपे तोपर्यंत जर्मनीतील झांगरहाउझेनला पोहोचली होती.

झांगरहाउझेन हे जर्मनीच्या साक्सन-आनहाल्ट राज्यातील, एकेकाळी खाणकामगारांचे असलेले छोटे शहर आहे. तेथील गुलाबोद्यान १९०३ मध्ये खुले झाले. गुलाबप्रेमी आल्बर्ट होफमान आणि शाळेत अध्यापन करणारे एवाल्ड ग्नाउ हे त्याचे प्रमुख प्रवर्तक. नवे व लोकप्रिय गुलाब लावण्यापेक्षा दुर्मीळ होत चाललेल्या गुलाबांना आश्रय द्यावा, हा विचार येथे आरंभापासूनच होता. संवर्धनाचा हेतू इतक्या स्पष्टपणे समोर ठेवून चालवलेल्या जगातील आद्य गुलाबसंग्रहांत त्याची गणना करावी लागेल. वनस्पतिज्ञ गेओर्ग डीक यांनी जमवलेला रानटी गुलाबांचा मोठा संग्रहही येथे आला. दोन महायुद्धे आणि त्यानंतरची पूर्व जर्मनीतील चार दशके या उद्यानाने पार केली. १९९३ मध्ये त्यास 'युरोपा-रोझारियम' असे नाव मिळाले. सुमारे १३ हेक्टर क्षेत्रावर ८,००० हून अधिक जाती व वाण असलेला हा संग्रह जगातील सर्वांत मोठा मानला जातो. पश्चिम युरोपातील व अमेरिकेतील अनेक बागांनी आपले हरवलेले वाण येथूनच परत मिळवले आहेत. २००९ मध्ये जर्मनीत गुलाबांसाठी राष्ट्रीय जनुकपेढीचे जाळे उभारण्यात आले, तेव्हा हे उद्यान त्याचा कणा ठरले. एकाच ठिकाणच्या संकटाने वाण बुडू नये म्हणून निरनिराळ्या बागांच्या याद्या परस्परांशी पडताळून पाहणे, हे या जाळ्याचे मुख्य काम आहे.

फ्रान्समधील लाय-ले-रोझ येथील गुलाबोद्यान ज्यूल ग्राव्हरो या व्यापाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वसवले. त्याची आखणी १८९९ मध्ये एदुआर आंद्रे यांनी केली. गुलाबाची जात, उगम व काळ यांनुसार वाफे मांडण्याची पद्धत या बागेने रूढ केली. इंग्लंडमध्ये ग्रेअम स्टुअर्ट टॉमस यांनी जमवलेले १९०० पूर्वीचे झुडपी गुलाब मॉटिसफॉन्ट येथील जुन्या मठाच्या कुंपणभिंतींच्या आत लावलेले आहेत. ब्रिटनमध्ये १९७८ पासून राष्ट्रीय वनस्पतिसंग्रहांची योजना चालते. तीत एकेका गटाची जबाबदारी एकेका व्यक्तीने किंवा संस्थेने स्वीकारायची असते, आणि ही जबाबदारी घेणारे अनेकदा अगदी साधे घरमालक असतात.

मोठ्या उद्यानांइतकेच महत्त्वाचे काम दुर्लक्षित जागांनी केले आहे. जुन्या स्मशानभूमी, पडके वाडे व रस्त्याच्या कडा येथे कोणी न जपताही गुलाब तग धरून राहतात. अमेरिकेतील टेक्सास व कॅलिफोर्निया या राज्यांत हौशी मंडळी अशा झाडांच्या काड्या गोळा करीत फिरतात. कॅलिफोर्नियाची राजधानी सॅक्रामेंटो येथील ऐतिहासिक दफनभूमीत याच रीतीने जुन्या गुलाबांचा संग्रह उभा राहिला. अटलांटिक महासागरातील बर्म्युडा बेटावर थंडी सौम्य असल्याने युरोपात न टिकलेले चिनी व चहागुलाब घराघरांच्या कुंपणाला वाढत राहिले. त्यांची मूळ नावे विस्मृतीत गेल्यामुळे तेथील गुलाबमंडळाने त्यांना सापडलेल्या गावाचे किंवा घरमालकिणीचे नाव दिले आहे.

नावांची निश्चिती

चुकीच्या नावाचे झाड संग्रहात असणे हे झाड नसण्यापेक्षा घातक ठरू शकते, कारण अमुक वाण सुरक्षित आहे या समजुतीने त्याचा शोध थांबतो. अशा चुका अनेक मार्गांनी होतात. पाटी हलते, सूचिपत्रातील नाव चुकीचे उतरवले जाते, किंवा कलमाचा डोळा मरून खालचा खुंट वाढतो व मूळ झाडाच्या नावाने तोच पुढे चालत राहतो. कित्येक बागांत एखाद्या जुन्या वाणाच्या पाटीखाली प्रत्यक्षात मल्टिफ्लोराचा खुंट फुलत असल्याचे आढळले आहे. सापडलेल्या झाडास घाईने एखादे भारदस्त जुने नाव देण्याचा मोहही मोठा असतो. बर्म्युडाची तात्पुरत्या नावाची पद्धत त्या मानाने अधिक प्रामाणिक म्हणावी लागेल.

जुनी वर्णने, चित्रे व शुष्क वनस्पतिसंग्रहातील नमुने यांची मदत ओळख पटवताना होते. अलीकडे डीएनएच्या ठरावीक तुकड्यांची लांबी मोजून वाणाचा ठसा काढला जातो. या ठशांनी काही अनपेक्षित गोष्टी उघड केल्या. बल्गेरियाच्या कझानलाक खोऱ्यात अत्तराच्या तेलासाठी लावलेले दमास्क गुलाब तपासले असता ते सारे व्यवहारतः एकाच रोपाचा विस्तार असल्याचे २००५ मध्ये दिसून आले. एका देशाचा सुप्रसिद्ध उद्योग एकाच जनुकप्ररूपावर उभा होता. इराणमधील दमास्क गुलाबांत मात्र अनेक भिन्न प्ररूपे आढळली, आणि दमास्क गुलाबाचे वैविध्य जपायचे तर ते इराणमध्येच जपावे लागेल, हे स्पष्ट झाले. दमास्क गुलाब हा मोस्काटा, गॅलिका व मध्य आशियातील फेडचेन्कोआना या तीन जातींचा संकर असल्याचेही डीएनएच्या आधारे २००० मध्ये निश्चित झाले.

एका मर्यादेचा उल्लेख येथे आवश्यक आहे. एखाद्या फांदीवर अकस्मात वेगळ्या रंगाचे फूल येते व तिची काडी लावून नवा वाण मिळतो. असा वाण आणि त्याचे मूळ झाड यांचे ठसे सामान्यतः सारखेच निघतात, त्यामुळे त्यांच्यातील भेद डोळ्यांनीच पारखावा लागतो.

रोग व संग्रहाची निगा

गुलाब एकाच ठिकाणी दाटीने लावले की रोगही एकत्र नांदतात. काळे ठिपके, भुरी व तांबेरा हे बुरशीजन्य रोग सर्वत्र आढळतात. मोझेइक या विषाणुजन्य रोगाचा प्रसार मुख्यत्वे कलमाद्वारे होतो. रोगट खुंटावर भरलेला प्रत्येक डोळा रोगट होतो आणि संग्रहांतील देवाणघेवाणीबरोबर विषाणूही प्रवास करतो. रोपे सुमारे चार आठवडे ३८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवून, नंतर त्यांचे डोळे निरोगी खुंटावर भरण्याचा उपचार यावर केला जातो. उत्तर अमेरिकेत अतिसूक्ष्म कोळ्यांमार्फत पसरणाऱ्या रोझेट रोगाने मोठे नुकसान केले आहे. त्याचा विषाणू २०११ मध्ये ओळखला गेला. झाड उपटून टाकण्यावाचून त्यावर उपाय नसल्याने तेथील संग्रहांपुढचा हा सर्वांत गंभीर प्रश्न आहे.

रोगांविरुद्धची साधनेही रानटी जातींकडूनच येतात. काळ्या ठिपक्यांना रोखणारे आरडीआर-१ हे जनुक मल्टिफ्लोरा जातीत सापडले. बागेत ज्याचा उपयोग केवळ खुंट म्हणून होतो, त्या झाडाकडे ही संपत्ती होती.

बीज, ऊती व शीतसाठा

रानटी जातींसाठी बियांचा साठा उपयुक्त ठरतो. गुलाबाच्या बिया वाळवून उणे १८ अंशांच्या आसपास ठेवल्यास दीर्घकाळ जिवंत राहतात. पेरण्यापूर्वी त्यांना ओलाव्यात गारवा द्यावा लागतो आणि श्वानगुलाबासारख्या जातींना उगवण्यास कधीकधी दोन हिवाळे लागतात. या पद्धतीत एक धोका अनेकदा दुर्लक्षित राहतो. गुलाबबागेत शेकडो जाती शेजारी शेजारी असल्याने मधमाश्या त्यांचे परागकण सर्वत्र पसरवतात. अशा बागेतील फळांतून काढलेल्या बिया रानटी जातीच्या नावाने दिल्या-घेतल्या जातात, पण त्या प्रत्यक्षात संकरित असतात. जुन्या बागांमधील अशा बीजविनिमयाने रानटी जातींची जितकी भेसळ केली, तितकी दुसऱ्या कशानेच केली नसेल. शुद्ध बी हवे असल्यास ते मूळ अधिवासातून आणावे, किंवा फुले झाकून हाताने परागण करावे, एवढाच मार्ग आहे.

वाणांसाठी ऊतिसंवर्धनाचा अवलंब करता येतो. काचपात्रातील कोंब कमी तापमानात मंद गतीने वाढवले की जागा व श्रम वाचतात, मात्र पुष्कळ काळ अशा स्थितीत ठेवल्यास त्यांच्यात सूक्ष्म आनुवंशिक बदल होऊ शकतात. द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर कोंबांची टोके गोठवून ठेवण्याचे प्रयोग गुलाबावर यशस्वी झाले आहेत. या तापमानाला पेशींचे व्यवहार थांबतात, त्यामुळे बदलांचा संभव फारच कमी असतो. प्रत्येक वाणास एकच कृती मानवत नाही, ही या पद्धतीतील अडचण आहे.

रानटी जातींची स्थिती

ईजिप्तमधील सिनाई द्वीपकल्पात सेंट कॅथरीन पर्वताच्या परिसरात आढळणारी रोझा अरेबिका ही जाती अतिसंकटग्रस्त गणली जाते. चीनच्या किनाऱ्यावरील रोझा रुगोसाचा नैसर्गिक अधिवास आक्रसत आहे. उत्तर युरोपच्या वालुकामय किनाऱ्यांवर मात्र हीच जाती उपद्रवी तण ठरली असून तेथे ती खणून काढली जाते. बागगुलाबाचा पूर्वज असलेली रानटी चायनेन्सिस दीर्घकाळ अभ्यासकांना दिसली नव्हती. जपानी वनस्पतिज्ञ मिकिनोरी ओगिसू यांनी ती १९८३ मध्ये सिच्वान प्रांतात पुन्हा शोधून काढली. इराण, अफगाणिस्तान व मध्य आशियातील रोझा पर्सिका हिची पाने साधी, म्हणजे पर्णिकांत न विभागलेली असून पिवळ्या पाकळीच्या तळाशी तांबडा डाग असतो. शेतकरी तिला तण समजत आले आहेत. इंग्लंडमध्ये जॅक हार्कनेस यांनी तिचे संकर करून १९८० च्या दशकात 'टायग्रिस' व 'युफ्रेटिस' हे वाण आणले. डागाच्या गुलाबांची नवी परंपरा त्यातून सुरू झाली.

भारत

हिमालयात ब्रुनोनाय, मॅक्रोफायला, वेबियाना व सेरिसिया या जाती आढळतात. पांढऱ्या घोसांच्या ब्रुनोनाय जातीस तेथे 'कुजा' किंवा 'कुंजा' असे म्हणतात. निलगिरी व पळणी डोंगरांत लेशेनॉल्टियाना ही वेल वाढते. जागतिक महत्त्वाच्या दोन जाती मात्र निराळ्याच प्रदेशांत आहेत.

मणिपूर, नागालँड व लगतच्या म्यानमारमध्ये वाढणारी रोझा जायगँटिया ही उंच झाडांवर चढणारी वेल असून तिची मलईसारख्या रंगाची फुले दहा सेंटिमीटरहून अधिक रुंद असतात. जॉर्ज वॉट यांनी ती १८८२ मध्ये मणिपुरात व हेन्री कॉलेट यांनी १८८८ मध्ये शान टेकड्यांत पाहिली. चहागुलाबांचा लांबट, निमुळता कळा आणि चहासारखा गंध याच जातीकडून आला, तेव्हा आजच्या प्रत्येक संकरित चहागुलाबात तिचा अंश आहे. बंगाल व बिहारमध्ये नदीकाठी व पाणथळ जागी वाढणारी रोझा क्लायनोफायला पावसाळ्यात पाण्याखाली गेली तरी मरत नाही. थंड हवेच्या या प्रजातीत उष्ण व दमट हवामान सोसणाऱ्या जाती फारच थोड्या आहेत. कोडाईकनाल येथील गुलाबपैदासकार एम. एस. वीरराघवन व गिरिजा वीरराघवन यांनी या दोन्ही जातींचा उपयोग करून उष्ण प्रदेशासाठी गुलाब निर्माण करण्याचे काम अनेक वर्षे केले. पाणथळ जागा बुजवल्या जात असताना क्लायनोफायलाचे निरनिराळ्या ठिकाणचे नमुने जमवणे हे भारतातील सर्वांत निकडीचे काम म्हणता येईल.

भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक डॉ. बेंजामिन पिअरी पाल (१९०६–१९८९) हे गव्हाचे पैदासकार म्हणून ख्यातकीर्त असले तरी त्यांनी गुलाबाचेही अनेक वाण निर्माण केले. दिल्लीतील भारतीय कृषी संशोधन संस्थेत गुलाबाचा संशोधनोपयोगी संग्रह आहे. लखनौ व बंगळूर येथील संशोधन संस्थांतही असे संग्रह असून फुलशेतीवर संशोधन करणारे राष्ट्रीय संचालनालय पुण्यात आहे. चंडीगढ (१९६७) व उदगमंडलम (१९९५) येथील गुलाबोद्याने विस्ताराने मोठी आहेत, परंतु त्यांचा भर शोभेवर आहे. शोभेच्या बागेत जुने झाड काढून नवे लावणे ही गुणवत्ता ठरते, तर संग्रहात तोच दोष ठरतो.

अत्तर, गुलाबपाणी व गुलकंद यांसाठी कनौज, हसायन, पुष्कर व हळदीघाटी या परिसरांत दमास्क गुलाबाची लागवड पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. पालमपूरच्या संस्थेने 'ज्वाला' व 'हिमरोज' आणि लखनौच्या संस्थेने 'नूरजहाँ' व 'रानीसाहिबा' हे निवडक वाण दिले. निवडलेले वाण पसरू लागले की जुन्या शेतांतील मिश्र झाडे मागे पडतात. म्हणून निवडीबरोबरच जुन्या लागवडीतील नमुने राखणे गरजेचे असते. महाराष्ट्रात 'गावठी' किंवा 'देशी' गुलाब या एकाच नावाखाली दमास्क आणि एडवर्ड असे दोन्ही प्रकार येतात. यांपैकी एडवर्ड हा हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर १८१७ च्या सुमारास लक्षात आलेल्या बूर्बाँ गुलाबाचा निकटचा आप्त होय. त्या बेटावरील बियांपासून फ्रान्समध्ये बूर्बाँ गुलाबांचा एक संपूर्ण वर्ग तयार झाला. भारतीय बागांत मात्र त्याला हार व गुलकंदापुरते स्थान राहिले. खुल्या शेतातील फुलांसाठी 'ग्लॅडिएटर' आणि मावळातील पॉलिहाऊसमध्ये 'टॉप सीक्रेट' व 'ताजमहाल' अशा मोजक्या वाणांचेच वर्चस्व दिसते.

कायदे व मतभेद

पूर्वी संग्राहक पाकिटातून काड्या व बिया पाठवीत. रोगप्रतिबंधक नियम, जैवविविधता करार आणि २०१४ मध्ये अमलात आलेला नागोया मसुदा यांमुळे रानटी जातींची देवाणघेवाण परवान्याविना करता येत नाही. उगमदेशाचा हक्क मान्य होणे न्याय्यच आहे, पण छोट्या बागांना ही प्रक्रिया झेपत नाही. भारतात जैविक विविधता कायदा २००२ चा आहे, तर २००१ च्या कायद्याने वनस्पतींच्या वाणांना व शेतकऱ्यांच्या हक्कांना संरक्षण मिळते. संरक्षित नव्या वाणांची काळजी त्यांचे मालक घेतात. ज्यांच्यावर कोणाचाच हक्क नाही, ते जुने वाण बहुधा हौशी लोकांच्याच भरवशावर असतात.

काय राखावे, यावर अभ्यासकांत एकमत नाही. हजार संकरित चहागुलाबांच्या वाफ्यांत जेवढे जनुकीय वैविध्य असते, त्याहून अधिक पन्नास रानटी जातींच्या एका कोपऱ्यात असू शकते. म्हणून ठशांच्या आधारे परस्परांहून अधिकाधिक भिन्न असे थोडेच नमुने निवडून 'गाभा संग्रह' करावा, असे काही संशोधक सुचवतात. बागांचे इतिहासकार यास आक्षेप घेतात. त्यांच्या मते दोन वाणांचे ठसे जवळजवळ सारखे असले तरी एकाच्या पाकळीवर रेघ असते व दुसऱ्याच्या नसते, आणि लोकांनी ती रेघ जपण्यासाठीच तो वाण दोनशे वर्षे लावला. प्रत्यक्षात मोठ्या उद्यानांनी मध्यम मार्ग धरला आहे. गाभा संग्रहातील नमुने ते किमान दोन ठिकाणी व शक्य तेथे शीतसाठ्यातही ठेवतात आणि उरलेले वाण जागा व मनुष्यबळ पुरेल तोवर बागेत राखतात.